फूचौ ते वाकायामा : एका विद्येचा प्रवास

परमुलखात जाऊन विद्या संपादून येणारा पुरुष म्हटला की आपल्या मनापुढे दोन चित्रे उभी राहतात. एक कचाचे. देवांनी त्याला संजीवनीसाठी शुक्राचार्यांच्या घरी धाडले, त्याने तेथे गुरे राखली, तीनदा मरण सोसले आणि विद्या घेऊन तो स्वर्गात परतला. दुसरे चित्र गेल्या शतकातले. बॅरिस्टर होऊन बोटीवरून उतरणाऱ्या, गळ्यात हार पडलेल्या गृहस्थाचे. या दोघांत एक साम्य आहे. दोघांनाही पाठविणारे कोणी होते. एकामागे देवांची सभा होती, दुसऱ्यामागे वडिलांची इस्टेट नाहीतर एखाद्या संस्थानिकाची कृपा. आज आम्ही ज्या माणसाची हकीकत सांगणार आहोत त्याला कोणीही पाठविले नव्हते. १८९७ साली उएची कानबुन नावाचा एक तरुण ओकिनावा बेटावरून चीनच्या फूचौ शहरी गेला, तो सक्तीची लष्करी नोकरी चुकविण्यासाठी गेला, असे त्याचे शिष्यच सांगत आले आहेत. तेथे तो तेरा वर्षे राहिला आणि चिनी मुष्टिविद्या शिकून परतला.

व्याख्यानमालेच्या चालकांना आम्ही हा विषय कळविला तेव्हा त्यांतील एका स्नेह्यांनी हसून विचारले, "तुम्ही युनियनची माणसे, तुम्हांला या चिनी हाणामारीशी काय कर्तव्य?" प्रश्न रास्त आहे. आमचे शालेय शिक्षण बेताचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि संपाच्या दिवसांत मिळालेल्या सक्तीच्या फुरसतीत. त्यामुळे कोणताही विषय हाती आला की त्यातला कष्टकरी माणूस कोठे आहे, हे शोधण्याची आम्हांला खोड लागली आहे. या विषयात तो शोधावा लागत नाही. फूचौहून आणलेली ही विद्या जपानात पहिल्याने शिकविली गेली ती एका कापडगिरणीच्या कामगारवस्तीतल्या खोलीत. तेव्हा हा विषय आमच्या हद्दीतलाच आहे.

प्रथम ठिकाणाची ओळख करून घेऊ. जपानच्या दक्षिणेस समुद्रात बेटांची एक लांबच लांब माळ आहे, तिचे नाव ऱ्यूक्यू. या माळेतील सर्वांत मोठे बेट ओकिनावा. आज तो जपानचा एक जिल्हा असला तरी काही शतके तेथे स्वतंत्र राजे होते. शुरी ही त्यांची राजधानी आणि नाहा हे बंदर. १३७२ साली या राजांनी चीनच्या मिंग बादशहाला नजराणा पाठविण्यास आरंभ केला. नजराण्यात मुख्यतः घोडे आणि गंधक असे. मोबदल्यात मानाची वस्त्रे मिळत, आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे चीनशी व्यापार करण्याची मुभा मिळे. लहान राज्याने मोठ्या राज्यापुढे मान लवविली की आपण त्याला लाचारी म्हणतो. पण या लवलेल्या मानेवर नाहा बंदर शेकडो वर्षे पोसले गेले. चीनच्या फूजियान प्रांतातून काही कुटुंबे येऊन नाह्याजवळ कुमे नावाच्या वस्तीत राहिली. दुभाष्ये, खलाशी, लेखनिक, जहाजे बांधणारे असे हे लोक. त्यांच्या वंशजांनी चिनी भाषा आणि चिनी विद्या पिढ्यानपिढ्या जतन केल्या.

नजराण्याची जहाजे जात ती फूजियानच्या फूचौ बंदरी. उत्तरेचा वारा सुरू झाला की निघावयाचे आणि दक्षिणेचा वारा सुरू झाला की परतावयाचे. कोकणातल्या जुन्या तांडेलाला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. फूचौमध्ये ऱ्यूक्यूच्या लोकांसाठी राखून ठेवलेली एक सराई होती. तिला ऱ्यूक्यू-कान म्हणजे 'ऱ्यूक्यूची कोठी' म्हणत. थोडे अधिकारी तेथून पेकिंगच्या दीर्घ प्रवासाला निघत. बाकीची मंडळी, म्हणजे व्यापारी, पहारेकरी, खलाशी आणि विद्यार्थी, महिनोन्‌महिने फूचौतच राहत. कोणी औषधी शिके, कोणी पंचांग करावयास शिके, कोणी वाद्ये शिके. आणि कोणी गावातल्या एखाद्या वस्तादाकडे जाऊन मुष्टिविद्या शिके. तेथे मरणारेही असत. परतीच्या जहाजाची वाट पाहता पाहता मेलेल्या ऱ्यूक्यूच्या लोकांची थडगी फूचौमध्ये आजही आहेत.

ओकिनावात या विद्येला 'तोदे' हे नाव पडले. त्याचा अर्थ 'चिनी हात'. हेच नाव दुसऱ्या उच्चाराने 'करा-ते' असे होते, आणि पुढे जगभर पोहोचले ते याच उच्चाराने. त्या नावाचे काय झाले ते पुढे येईल.

येथे एका लाडक्या दंतकथेची वाट लावणे भाग आहे. १६०९ साली जपानच्या सात्सुमा येथील सरदारांनी ऱ्यूक्यूवर स्वारी करून ते राज्य अंकित केले. मग म्हणे त्यांनी लोकांची शस्त्रे काढून घेतली, आणि निःशस्त्र शेतकऱ्यांनी रात्री चोरून रिकाम्या हातांनी लढण्याची कला शोधून काढली. आमच्या सभेत ही गोष्ट कोणी सांगितली तर टाळ्यांचा कडकडाट होईल यात शंका नाही. दुर्दैवाने ती टिकत नाही. शस्त्रे राजाच्या ताब्यात घेण्याचे धोरण शो शिन राजाच्या काळचे, म्हणजे सात्सुमाच्या स्वारीच्या सुमारे शंभर वर्षे आधीचे आहे. आणि मुष्टिविद्येची जी नावे कागदोपत्री व परंपरेत उरली आहेत ती बहुतेक शुरी, नाहा आणि कुमे येथील मानकरी घराण्यांतली आहेत. ज्याला राजाच्या जहाजावर जागा मिळे त्यालाच फूचौची विद्या मिळे. शेतकऱ्याला दिवसभर राबून रात्री हात हलविण्याचेही त्राण नसते, हे ज्यांनी शेतकरी जवळून पाहिला आहे त्यांना वेगळे सांगावयास नको.

ही मक्तेदारी ढिली झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. नाह्याचा हिगाओन्ना कानऱ्यो, जन्म १८५३, हा केरामा बेटांवरून लाकूडफाटा आणून विकणाऱ्या घरातला होता असे सांगतात. तोही फूचौला गेला आणि परत येऊन त्याने नाह्यात शिष्य तयार केले. त्याच्या गुरूला ओकिनावाचे लोक ऱ्यू ऱ्यू को म्हणत. हा नेमका कोण यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. हिगाओन्नाचा शिष्य मियागी चोजुन १९१५ साली गुरूच्या पाऊलखुणा शोधीत फूचौला जाऊन आला. या शाखेचा इतिहास मोठा आहे आणि त्यावर पुस्तकेही पुष्कळ आहेत, म्हणून तिला येथेच नमस्कार करून आम्ही आमच्या माणसाकडे वळतो.

उएची कानबुनचा जन्म १८७७ चा. ओकिनावाच्या उत्तरेस मोतोबु नावाचा डोंगराळ भाग आहे, तेथल्या इझुमी गावी शेतीवर पोट असलेल्या घरात तो जन्मला. तो दोन वर्षांचा असताना त्याचे राज्य नाहीसे झाले. जपानच्या नव्या सरकारने १८७५ साली चीनला नजराणा पाठविण्यास बंदी केली होती. १८७९ साली फौज आणि पोलीस पाठवून शुरीचा राजवाडा ताब्यात घेतला, राजा शो ताय याला तोक्योस नेले आणि ओकिनावा हा जिल्हा जाहीर केला. आपल्याकडे १८४८ ते १८५६ या आठ वर्षांत सातारा, नागपूर आणि अयोध्येचे जे झाले, तेच. काही मानकरी समुद्र ओलांडून फूचौच्या त्याच जुन्या कोठीत जाऊन राहिले आणि चीनने आपले राज्य परत मिळवून द्यावे म्हणून अर्जांमागून अर्ज करू लागले. त्यांपैकी रिन सेइको या विद्वानाने १८८० साली पेकिंगमध्ये अखेरचा अर्ज लिहून आत्महत्या केली. १८९४-९५ च्या युद्धात जपानने चीनलाच हरविले आणि ती आशा मावळली.

राज्य गेले की नव्या राज्याचे कायदे येतात. जपानात सक्तीची लष्करभरती १८७३ पासून होती. ओकिनावातील सर्वसामान्य लोकांना ती लागू झाली १८९८ साली. ज्या सरकारची भाषाही धड कळत नाही त्याच्यासाठी मरावयास जाण्याची हौस ओकिनावाच्या शेतकऱ्याला नव्हती. कोणी स्वतःच्या शरीराला इजा करून घेतली, कोणी हवाईच्या उसाच्या मळ्यांवर मजुरीला निघून गेले. भरती लागू होण्याच्या आदल्या वर्षी, विशीच्या उंबरठ्यावर असलेला कानबुन फूचौच्या वाटेला लागला.

आता गुरूविषयी. अशा कथांत गुरू नेहमी पांढऱ्या दाढीचा, डोंगरावरच्या मठात राहणारा आणि कोड्यात बोलणारा असतो. कानबुनच्या गुरूलाही जुन्या कथांनी मठात नेऊन बसविले होते. त्याचे नाव चौ झिहे. ओकिनावाच्या उच्चारात शू शिवा. पुढील काळात चिनी शोधकांनी फूचौजवळच्या मिन्हौ भागात त्याचे गाव आणि कुटुंब शोधून काढले. त्याचा जन्म १८७४ चा. म्हणजे गुरू शिष्यापेक्षा अवघा तीन वर्षांनी मोठा! आम्हांला ही गोष्ट फार बोलकी वाटते. परमुलखात आलेला, भाषा न येणारा, खिशात दमडी नसलेला एक पोरगा आणि त्याला शिकविणारा दुसरा, मिसरूड फुटून फार दिवस न झालेला जवान. या दोघांमध्ये गूढ असे काही असण्याची गरज नव्हती. जे होते ते रोजच्या मेहनतीत होते.

काय होती ही मेहनत? चौ झिहेच्या पद्धतीला पान्गाइनून म्हणतात. अर्थ, अर्धे कठीण, अर्धे मऊ. तिचा पाया म्हणजे 'सानचिन' नावाचा एक क्रम. पाय खांद्यांइतके अंतर ठेवून, पंजे किंचित आत वळवून, गुडघे थोडे वाकवून उभे राहावयाचे. कोपरे बरगड्यांपासून मुठीभर अंतरावर आणावयाची. खांदे खाली. बोटे जुळलेली, पंजा उघडा. मग पुढचा पाय जमिनीवर अर्धवर्तुळ काढीत टाकावयाचा, एक हात मागे घ्यावयाचा, बोटांच्या टोकांनी समोर भोसकल्यासारखा मारावयाचा आणि तितक्याच शांतपणे जागेवर आणावयाचा. श्वास हातांशी बांधलेला. पुन्हा पाऊल, पुन्हा हात. वळावयाचे, पुन्हा तेच. पाहणाऱ्याला दहा मिनिटांत कंटाळा येईल. वस्ताद मात्र भोवती फिरत असतो आणि तळहाताने शिष्याच्या खांद्यावर, पाठीवर, मांड्यांवर थापा मारून कोठे ढिलाई आहे ते तपासत असतो. या एका क्रमावर तीन वर्षे घालवावयाची, असा जुना दंडक सांगतात.

आपल्याकडे ज्यांनी तालमीत लाल माती अंगाला लावून घेतली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. पहिले सहा महिने नुसते जोर आणि बैठका. डावाचे नाव काढले तर वस्ताद आखाडा खणावयास लावतो. मागावर बसणारा विणकरही असाच तयार होतो. तुटलेला धागा सांधण्याची गाठ आम्ही तोंडाने हजारदा वर्णन करून सांगितली तरी शिकाऊ पोराच्या बोटांत ती हजारदा सांधल्यावरच येते. तेरा वर्षांत कानबुनने तीन क्रम आणले : सानचिन, तेरा या संख्येच्या नावाचा 'सेइसान' आणि छत्तीस या संख्येच्या नावाचा 'सानसेइऱ्यू'. एकशे आठच्या नावाचा चौथा क्रम शिकणे राहून गेले, असे त्याची शाळा सांगते. तेरा वर्षांत तीन! आजच्या कोणत्याही शिकवणीवर्गाने अशी जाहिरात दिली तर एकही पालक फी भरणार नाही.

पोटासाठी तो औषधी पाला-मुळ्या विकी, असे सांगतात. मुष्टिविद्येचा वस्ताद आणि वैदू हे चीनमध्ये पुष्कळदा एकच असत. आपल्याकडेही निखळलेले हाड बसवावयास लोक तालमीत जात, ते याच कारणाने. जो हाड मोडावयास शिकतो त्याला ते कोठे आणि कसे बसते हे ठाऊक असावे लागते.

एक प्रश्न श्रोत्यांच्या मनात आला असेल, म्हणून येथेच त्याचा निकाल लावतो. ही चिनी विद्या मुळात आपलीच, दक्षिण भारतातून गेलेल्या बोधिधर्माने ती शाओलिनच्या भिक्षूंना दिली, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. अभिमान फुकट असतो, त्यामुळे तो वाटेल तितका बाळगता येतो. पण बोधिधर्माचा व्यायामाशी संबंध जोडणारा जो ग्रंथ आहे तो सतराव्या शतकातला, म्हणजे त्याच्यानंतर हजाराहून अधिक वर्षांनी लिहिलेला आहे. आणि तांग हाओ या चिनी संशोधकानेच १९३० साली ही कथा खोडून काढली. फूजियानची स्वतःची दंतकथा याहून गोड आहे. तेथे पांढऱ्या बगळ्याच्या चालीवर बसविलेली मुष्टिविद्या फांग चीन्यांग नावाच्या एका मुलीने निर्माण केली असे मानतात. तीही दंतकथाच, पण निदान तिच्यात परदेशच्या मोठ्या माणसाची शिफारस लागत नाही.

शिकून तयार झाल्यावर कानबुनने चीनमध्येच स्वतःचे शिष्य घेतले. परदेशातून आलेल्या माणसाने यजमानांच्या गावात त्यांचीच विद्या शिकवावी ही मोठी गोष्ट होती. मग एक वाईट प्रसंग घडला, असे परंपरा सांगते. दुष्काळाच्या दिवसांत शेताच्या पाण्यावरून भांडण झाले आणि कानबुनच्या एका शिष्याच्या हातून माणूस मेला. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून कुऱ्हाडी निघालेल्या गावांतून आम्ही समेटासाठी हिंडलो आहोत; हा प्रसंग आम्हांला परका वाटत नाही. कानबुनने शाळा बंद केली आणि १९१० साली तो ओकिनावाला परतला, तो पुन्हा कोणाला शिकवावयाचे नाही असे ठरवून. योगायोग असा की त्याच वर्षी, मे महिन्यात, त्याच्या मोतोबु भागात भरतीच्या तपासणीच्या वेळी गावकरी अधिकाऱ्यांवर उठले आणि दंगल झाली. ज्या गोष्टीपासून तो पळाला होता ती तेरा वर्षांनंतरही तेथेच उभी होती.

त्याने लग्न केले, १९११ साली त्याला कानेइ हा मुलगा झाला, आणि तो शेती करू लागला. १९१२ च्या सुमारास फूचौहून नाह्यात आलेल्या गो केनकी या चहाच्या व्यापाऱ्याने, जो स्वतः बगळ्याच्या पद्धतीचा जाणकार होता, लोकांना सांगितले की फूचौत नाव मिळविलेला माणूस तुमच्या डोंगरात मुळे लावीत बसला आहे. लोक विचारावयास गेले. कानबुनने शिकविले नाही. हिगाओन्नाचे नाव झाले; त्याआधीच शुरीच्या इतोसु आन्को यांनी मुष्टिविद्या शाळकरी मुलांच्या कवायतीत नेली होती; कानबुन मात्र गप्प राहिला, आणि तो तसाच राहता तर आज त्याचे नाव कोणाला ठाऊक नसते.

त्याला बोलावयास लावले ते साखरेच्या भावाने. ओकिनावाचे शेत म्हणजे ऊस. पहिल्या महायुद्धात साखर तेजीत होती; १९२० नंतर भाव कोसळले आणि बेटावर अशी उपासमार आली की लोक सोतेत्सु नावाच्या झाडाचा गर खाऊ लागले. हा गर नीट धुऊन शिजविला नाही तर विषारी असतो. त्या काळाला ओकिनावात 'सोतेत्सुचा नरक' म्हणतात. माणसे बोटी भरभरून जपानच्या गिरण्यांकडे निघाली. ओसाका आणि वाकायामा या भागांत गिरण्यांची दाटी होती. १९२४ साली कानबुनही त्या लोंढ्यात वाकायामाला जाऊन गिरणीत लागला. त्या वेळी त्याचे वय ४७ होते. फूचौत शिष्य घडविलेला वस्ताद आता भोंग्याबरोबर उठून कामावर जाऊ लागला.

या गिरण्यांचे आणि आपले नाते जवळचे आहे. जपानच्या सूतगिरण्या मोठ्या प्रमाणावर हिंदी कापसावर चालत. वऱ्हाड-खानदेशचा शेतकरी आणि ओसाकाचा गिरणीकामगार एकाच गाठोड्याची दोन टोके होती. १८९३ साली जपानच्या एका बोट कंपनीने जमशेटजी टाटांच्या साहाय्याने मुंबई ते कोबे असा मार्ग सुरू केला तो प्रामुख्याने या कापसासाठी. पुढे तेच जपानी कापड मुंबईच्या बाजारात स्वस्तात येऊ लागले आणि आपले गिरणीमालक ओरडू लागले. त्या स्वस्ताईचे एक कारण असे की जपानात बायका आणि पोरी रात्रपाळीत राबत. ती रात्रपाळी कायद्याने बंद झाली १९२९ साली. मुली गिरणीच्याच वसतिगृहात राहत आणि फाटकाला कुलूप असे. होसोइ वाकिझो या गिरणीकामगाराने या मुलींच्या आयुष्यावर लिहिलेले पुस्तक १९२५ साली निघाले आणि त्याच वर्षी तो वारला. त्याचे वय २८ होते. त्याला शाळा आमच्याहूनही कमी लाभली होती.

या वस्तीत ओकिनावाच्या माणसाची जागा सर्वांत खाली. १९०३ साली ओसाकाच्या औद्योगिक प्रदर्शनाबाहेरच्या एका मंडपात ओकिनावाच्या स्त्रियांना नमुन्याच्या वस्तूप्रमाणे बसविले होते. खाणावळींवर आणि कारखान्यांवर 'ऱ्यूक्यूचे व कोरियाचे लोक नकोत' अशा पाट्या असत. भाषा वेगळी, जेवण वेगळे, नावे उच्चारता न येणारी. अशी माणसे मग एकमेकांना धरून राहतात. कोकणातून मुंबईला आलेल्या चाकरमान्यांच्या गावकीच्या खोल्या आम्ही पाहिल्या आहेत : एक खोली, वीस बिऱ्हाडकरू, पाळीपाळीने झोप, आणि गावाहून आलेल्या माणसाला विचारपूस न करता वळकटी टाकू देणारी माया. वाकायामाच्या ओकिनावी मजुरांचे जगणे याहून फार निराळे नव्हते.

त्या मजुरांत तोमोयोसे ऱ्युयू नावाचा, कानबुनपेक्षा वीस वर्षांनी धाकटा एक जण होता. म्हाताऱ्याला विद्या येते हे त्याला समजले. पण सरळ मागितली तर मिळावयाची नाही हेही समजले. मग, असे सांगतात, तो संध्याकाळी गप्पांत सहज काढी, "अमक्याने असे मनगट धरले तर माणसाने काय करावे हो?" कानबुन थोडे सांगे. दुसऱ्या दिवशी तो दुसरी अडचण घेऊन येई. युनियनचे काम करणाऱ्याला ही युक्ती ओळखीची आहे; जुना, दुखावलेला, 'मला यात ओढू नका' म्हणणारा कार्यकर्ता असाच परत आणावा लागतो. अखेर मंडळींनी मिळून विनंती केली, आणि १९२५-२६ च्या सुमारास कानबुनने गिरणीच्या वस्तीतल्या आपल्या खोलीत मोजक्या ओकिनावी मजुरांना शिकविण्यास आरंभ केला. त्या जागेला त्याचे शिष्य आजही 'शाताकु'ची, म्हणजे कंपनीच्या खोलीची तालीम म्हणतात.

कल्पना करावी : बारा तास यंत्रापुढे उभी राहिलेली माणसे परत येतात आणि पुन्हा उभी राहतात, पाय खांद्यांइतके लांब, पंजे आत वळलेले. जी विद्या एकेकाळी राजाच्या जहाजातून मानकऱ्यांसाठी आली ती आता कापसाची तुसे अंगावर असलेल्या माणसांच्या हातात होती. त्यांना तिची गरज होती. वस्तीत मारहाण होई, आणि तक्रार घेऊन जावयास कोणी नव्हते. पण आम्हांला वाटते, नुसत्या मारहाणीसाठी माणूस वर्षानुवर्षे सानचिन करीत नाही. दिवसभर ज्याला सारे 'ए' म्हणून हाक मारतात त्याला रात्री एका वस्तादाने नावाने बोलवावे आणि त्याच्या खांद्यावर थाप मारून 'येथे अजून कच्चे आहे' म्हणावे, यात फार मोठा मान आहे.

१९३२ साली कानबुनने वाकायामात सर्वांसाठी शाळा उघडली. १९४० साली शिष्यांनी पद्धतीला त्याचेच नाव दिले : उएची-ऱ्यू. दरम्यान नाह्यात एक घटना घडली होती. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी एका वृत्तपत्राच्या पुढाकाराने मियागी चोजुन आदी थोर वस्ताद आणि सरकारी मंडळी एकत्र बसली आणि 'करा-ते' हे नाव यापुढे कसे लिहावे याचा खल झाला. 'करा' या उच्चाराची दोन अक्षरे आहेत. एकाचा अर्थ चीन, दुसऱ्याचा अर्थ रिकामा. दुसरे अक्षर ठरले. बोलताना काहीच बदलले नाही. कागदावरून चीन तेवढा गेला. रिकामे या अक्षराचा वापर काहींनी पूर्वीही केला होता आणि त्यामागे तत्त्वज्ञान आहे असे सांगणारेही पुष्कळ आहेत. आम्ही एवढेच पाहतो की पुढच्याच वर्षी, जुलै १९३७ मध्ये, जपानचे चीनशी उघड युद्ध सुरू झाले. शत्रूच्या नावाची विद्या शाळेत शिकविणे अवघड झाले असते.

त्या युद्धाचा शेवट ओकिनावावर झाला. एप्रिल ते जून १९४५ या लढाईत बेटावरील नागरिकांपैकी सुमारे चौथा हिस्सा मेला. १९४६ साली कानबुन परतला आणि ओकिनावाशेजारच्या इए या लहान बेटावर राहिला. तेथेच २५ नोव्हेंबर १९४८ रोजी, ७१ व्या वर्षी, तो वारला. त्याचा मुलगा कानेइ आणि तोमोयोसेचे घर यांनी विद्या पुढे चालविली. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकन लष्करी तळांवरचे तरुण त्यांच्याकडे शिकावयास येऊ लागले, आणि जॉर्ज मॅटसन नावाच्या तशाच एका सैनिकाने ती बोस्टनला नेली. फूचौला जाणाऱ्या जहाजांची दिशा आता उलटी झाली. परदेशी विद्यार्थी ओकिनावाला येऊ लागले.

त्याच वर्षांत त्याच अमेरिकन लष्कराने इए बेटावरच्या शेतकऱ्यांच्या जमिनी तळासाठी घेण्यास आरंभ केला. मार्च १९५५ मध्ये सशस्त्र सैनिक बुलडोझर घेऊन उतरले. शेतकऱ्यांचा पुढारी होता आहागोन शोको, पोटासाठी क्यूबा आणि पेरूपर्यंत जाऊन आलेला माणूस. जमीन गेल्यावर हे शेतकरी भीक मागत, गावोगाव आपली हकीकत सांगत सबंध ओकिनावाभर फिरले. लष्कराशी बोलावयास जाताना कसे वागावे याचे नियम त्यांनी आधीच लिहून काढले होते. रागावू नये. खोटे बोलू नये. बोलताना खाली बसावे. हातात काही धरू नये. आणि हात कानाच्या वर नेऊ नये; तेवढ्यावरून अमेरिकन म्हणतील की आम्हांला मारले.